सात डेसिबल

टिनिटस म्हणजे बाहेर काही वाजत नसताना कानात ऐकू येणारी शिट्टी किंवा गुणगुण. तिच्या तपासणीत आम्ही श्रवणतज्ज्ञ एक आकडा काढतो: पेशंटच्या कानात वाजणारा आवाज नेमका किती मोठा आहे. हेडफोनमधून त्याच पट्टीचा सूर सोडायचा, एकेक डेसिबलने वाढवत न्यायचा आणि पेशंट ‘आता सारखे झाले’ म्हणाला की थांबायचं. ज्या आवाजाने माणसाची झोप उडते तो साठ-सत्तर डेसिबलचा तरी असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात बहुतेकांचा आवाज त्याच पट्टीवर त्यांना जेमतेम ऐकू येतं त्या पातळीच्या 5 ते 10 डेसिबल वरच जुळतो.

नाशिकच्या अंबडमध्ये एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा ठोकून भाग घडवतात तिथे, काम करणाऱ्या गृहस्थांचा हा आकडा 7 आला, 6000 हर्ट्झच्या आसपास. ऑडिओग्रामवर, म्हणजे कुठल्या पट्टीवर किती ऐकू येतं त्याच्या आलेखावर, 4000 ला खड्डा आणि 8000 ला रेषा पुन्हा वर, म्हणजे गोंगाटाने गेलेल्या कानाची ओळखीची खूण. कंपनीच्या वार्षिक शिबिरात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कँटीनमध्ये, शेजारी कॉम्प्रेसर सुरू असताना केलेल्या तपासणीत दुसरं काय दिसणार? कागदावर ‘फिट’चा शिक्का मात्र ठळक होता. आवाज दोन्ही कानांत होता आणि नाडीबरोबर ठोके पडत नव्हते. एकाच कानात असता किंवा ठोके पडत असते, तर मी आधी ईएनटीकडे पाठवलं असतं. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी.

टिनिटसपेक्षा त्यांना आवाज सहन न होण्याचा त्रास जास्त होता. हे मोजायला सूर हळूहळू वाढवतात आणि पेशंटने ‘नको’ वाटताच हात वर करायचा असतो, दुखेपर्यंत थांबायचं नसतं. साधारण कान 90 ते 100 पर्यंत जातो. यांचा हात 65 ला वर गेला. म्हणून रिफ्लेक्सची, म्हणजे मोठ्या आवाजाला कानातला स्नायू आखडतो का ते पाहायची, तपासणी मी केलीच नाही, कारण तिचे सूर 85 च्या पुढचे असतात. पॅकेजमध्ये आहे म्हणून अशा पेशंटवरही ती उरकणारी मंडळी आहेत.

ते घरी दिवसभर फोमचे बोळे घालून बसत. ताट-वाट्या वाजतात म्हणून जेवणही आतल्या खोलीत, एकटेच. स्टेशन खरखरायला लागलं की आपण रेडिओचा आवाज वाढवतो, तसं आवाज कमी पोचू लागला की मेंदू आतली पातळी वाढवतो. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगल्या कानांच्या लोकांना दोन आठवडे बोळे घालायला लावले, तर त्यांचीही सहनशक्ती घटली. मंद, एकसारखा आवाज ऐकवलेल्यांची वाढली.

गंमत अशी की प्रेसजवळ, जिथे बोळे हवेच, तिथे तेच बोळे अर्धे बाहेर लोंबत होते. बोळा आधी बारीक वळायचा. विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या बाजूने धरून वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरायचा. तेलकट हाताने वळला तर घसरतो. समोरून आरशात बोळा ठळक दिसत असेल तर तो नीट बसलेला नाही. आवाज किती डेसिबलने कमी होईल याचा पाकिटावरचा आकडा नीट बसलेल्या बोळ्याचा असतो, हे सांगायला कुणी सेफ्टी ऑफिसर फिरकत नाही.

त्यांच्या पत्नीने जाता जाता सांगितलं, “मॅडम, पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यावर हे बोळे काढून बसले होते. अर्धा तास!” ह्यावरून घरच्यांनी ठरवून टाकलेलं की सगळा मनाचा खेळ आहे. मला तर तिथे उपचाराचा धागा दिसला. धबधब्याचा आवाज मोठा असला तरी एकसारखा असतो, सगळ्या पट्ट्यांत पसरलेला. ताटावर पळी आपटली की आवाज क्षणात उसळतो, तोही उंच पट्टीत, आणि कधी येईल ते कळत नाही.

म्हणून रात्री उशाशी छोट्या स्पीकरवर पावसाचा आवाज लावायला सांगितला, पण आतली शिट्टी त्यातूनही ऐकू येईल इतकाच मंद. शिट्टी पूर्ण बुडवली तर मेंदूला तिची सवय कशी होणार? बोळे काढायचे ते आधी दुपारी, शांत खोलीत, अर्धा तास. मग वेळ वाढवत, मग स्वयंपाकघरात. भांडी त्यांनी स्वतः हाताळायची. आपल्या हाताने केलेला आवाज कमी टोचतो. आधी स्टीलवर लाकडी पळी, मग चमचा, शेवटी ताटावर ताट.

तीन महिन्यांनी ते फेरतपासणीला आले. सहनशक्ती 65 वरून 80 वर. त्रास मोजायची पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली असते, शंभरपैकी गुण. ते 72 वरून 34 वर. मुलांबरोबर बसून जेवू लागले होते. मग शिट्टी जुळवली. 7. त्यांनी कागद ओढून पाहिला.

“सातच? मग इतके दिवस काय केलं आपण?”

त्यांचा चेहरा उतरला तो मला अजून आठवतो. माझा एक सहकारी म्हणतो, हा आकडा पेशंटला दाखवूच नये. मला ते पटत नाही. कान त्यांचे, कागदही त्यांचा. पण ‘याला इलाज नाही, सवय करून घ्या’ हे वाक्य त्यांनी आधीच दोन ठिकाणी ऐकलं होतं आणि मीही फिरून तेच सांगतेय, असं त्यांना वाटलं असणार. फरक इतकाच की नुसतं ‘सवय करा’ म्हणणारा ती कशी करायची हे सांगत नाही. वर जिंको या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या लिहून देतो, ज्या टिनिटससाठी देऊ नयेत असं अमेरिकेतल्या ईएनटी तज्ज्ञांच्या 2014 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे.

मी दोन्ही वेळच्या प्रश्नावल्या शेजारी ठेवल्या. ‘झोप लागायला त्रास होतो का?’ या प्रश्नाला आधी ‘होय’, आता ‘नाही’. ते बराच वेळ वाचत राहिले. पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. पुढचा प्रश्न मात्र भलताच आला: “यंदा पथकात ढोल वाजवू का?”

ढोल-ताशांच्या मधोमध आवाज सहज शंभरच्या पुढे जातो, आणि कामाच्या जागेवरच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या हिशोबाने 100 डेसिबलला उघड्या कानाने 15 मिनिटं म्हणजे दिवसाचा कोटा संपला. मी सांगितलं, यंदा ध्वज घ्या, ताशांपासून लांब राहा, बोळे मिरवणुकीपुरतेच. सरावाच्या आधी सहनशक्ती पुन्हा मोजू आणि मग ढोलाचं बघू.

“ध्वज पोरं घेतात हो मॅडम,” ते म्हणाले, आणि सरावाच्या आधीच्या आठवड्याची तारीख लिहून घेतली.