तुम्ही विचारलंत म्हणून: बेटावरची धावपट्टी आणि रिकाम्या सीटा

लक्षद्वीप पाहून आलेली माणसं आता संभाजीनगर-लातूरकडेही भेटतात. विमानशास्त्र शिकवणाऱ्यापुढे त्यांचे दोन प्रश्न हमखास येतात. ‘चहूकडे समुद्र आणि मधे एवढीशी पट्टी, पायलट त्यावर विमान थांबवतो तरी कसं?’ आणि जरा तक्रारीच्या सुरात, ‘सीटा रिकाम्या होत्या, मग आमच्या मेहुण्यांना तिकीट का नाही मिळालं?’ विचारणाऱ्याला हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. माझ्या मते दुसऱ्यातच पहिल्याचं अर्धं उत्तर आहे.

आधी थांबण्याचं बघू. लक्षद्वीपचा विमानतळ अगत्ती बेटावर आहे. त्याची धावपट्टी १२०४ मीटर लांब, ३० मीटर रुंद. आपल्या संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची २८०० मीटरच्या वर आणि ४५ मीटर रुंद. अगत्तीला एटीआर उतरतं, दोन पंख्यांचं टर्बोप्रॉप. असं प्रवासी विमान उपलब्ध धावपट्टीच्या ७० टक्क्यांत थांबेल, हा हिशेब निघण्याआधीच कागदावर बसावा लागतो. म्हणजे ८४३ मीटर. पट्टी ओली असेल तर लागणाऱ्या अंतरावर आणखी १५ टक्के चढवायचे. आणि हे अंतर चाकं टेकल्यापासून मोजत नाहीत. विमान धावपट्टीच्या तोंडावर ५० फूट उंचीवर असतं, तिथून मोजतात. हवेत गेलेला तुकडाही त्याच ८४३ मध्ये.

म्हणून छोट्या पट्ट्यांवर उतरणारे पायलट ब्रेकबद्दल कमी आणि त्या ५० फुटांबद्दल जास्त बोलतात. उतरण्याचा नेहमीचा कोन ३ अंशांचा. त्या कोनात धावपट्टीच्या तोंडाशी ५० ऐवजी १०० फुटांवर असलात, तर टेकायची जागा २९० मीटर पुढे सरकते. उतरतानाचा वेग ११० नॉट धरला तर सेकंदाला ५७ मीटर. जमिनीलगत विमान तीन सेकंद तरंगत राहिलं की १७० मीटर गेले, अगत्तीच्या पट्टीचा सातवा हिस्सा. ११० च्या जागी १२० नॉटने आलात तर वेग ९ टक्केच वाढतो, पण जिरवायची ऊर्जा १९ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने चढते. ‘थोडा वेग हाताशी असू द्यावा’ ही सवय मोठ्या धावपट्टीवर खपून जाते, इथे तीच अंगाशी येते.

उतरताना दणका बसला की प्रवासी पायलटला नावं ठेवतात. छोट्या, ओल्या पट्टीवर तो दणका मुद्दाम दिलेला असतो. हळुवार टेकवायला गेलं तर विमान तरंगतं, आणि टेकल्यावरही चाकं पाण्याच्या पातळ थरावर घसरत राहू शकतात. त्या वेगाचं एक ढोबळ सूत्र आहे: टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढायचं आणि त्याला ९ ने गुणायचं. १०० पीएसआय असेल तर ९० नॉट. त्याच्या वर, पट्टीवर पाणी साचलेलं असताना ब्रेक दाबून फारसा उपयोग नाही. चाक पाणी फोडून डांबराला भिडलं पाहिजे, ते फिरू लागलं पाहिजे, मग ब्रेक धरतात. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर १९ नोव्हेंबर १९७७ ला बोइंग ७२७ पावसात उतरलं. पट्टी १६०० मीटर, वेग जास्त, टेकायला उशीर आणि खाली पाणी. विमान टोकावरून खाली गेलं, १३१ माणसं गेली. नंतर ती धावपट्टी समुद्रात खांब उभे करून २७०० मीटरच्या पुढे वाढवली.

डोळ्यांची फसवणूक हा यातला सगळ्यात नाजूक भाग आहे आणि प्रवाशांना तो माहीत नसतो. पैठणला नाथसागराच्या कडेला वारा पडलेल्या दुपारी उभे राहा. पाणी काचेसारखं झालेलं असतं. वरून जाणारी घार पाण्यापासून दहा फुटांवर आहे की पन्नास, काही केल्या सांगता येत नाही, कारण नजरेला धरायला झाड नाही, घर नाही, बांध नाही. बेटाकडे येताना पायलटची नजर तशाच पाण्यावरून येते. त्यात पट्टी अरुंद. ४५ मीटरची सवय असलेल्या डोळ्याला ३० मीटरची पट्टी दूर भासते, आपण फार उंचावर आहोत असं वाटतं आणि हात नकळत विमान खाली नेतो. धावपट्टीच्या कडेला पापी नावाचे चार दिवे असतात ते यासाठीच. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर कोन बरोबर. चारही लाल म्हणजे फार खाली. जिथे हे दिवे नाहीत तिथे उंची आणि अंतर यांचा हिशेब सतत तोंडी चालू ठेवावा लागतो.

कॅरिबियनमधल्या सबा बेटाची धावपट्टी अवघी ४०० मीटरची, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. दोन्ही टोकांवर फुलीची खूण आहे, म्हणजे सर्वसाधारण विमानांना बंद. तिथे ट्विन ऑटर नावाचं छोटं विमान उतरतं, ते खूप हळू येऊ शकतं म्हणूनच. पण पायलटला तिथे लांबीइतकाच त्रास कड्याचा असतो. समोरून येणारा वारा पट्टीवरून वाहत येतो आणि कड्याच्या तोंडाशी खाली कोसळतो. नेमकं शेवटच्या क्षणी विमान त्या खाली जाणाऱ्या हवेत शिरतं. म्हणून पॉवर आधीच बंद करून चालत नाही, हात पॉवरच्या लिव्हरवर तयार लागतो.

कॅरिबियनमधल्याच सेंट बार्थेलेमी बेटावर याच्या उलट. साधारण ६५० मीटरची पट्टी, एका बाजूला टेकडी, तिच्या खिंडीतून रस्ता, आणि पट्टी समुद्राकडे उतरत गेलेली. रस्त्यावरून अगदी खालून येऊन नाक दाबायचं, तर जमीनही खालीच पळत असते, त्यामुळे विमान टेकता टेकत नाही. तिथे उतरायला पायलटला खास प्रशिक्षण आणि परवानगी लागते. धावपट्टीच्या टोकाशी रस्ता असणं म्हणजे काय, हे संभाजीनगरकरांना वेगळं सांगायला नको. २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याहून उडणारं बोइंग ७३७ टोकापलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि ५५ जण गेले.

एका बाबतीत मात्र बेट आपल्यापेक्षा सोपं. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर. मे महिन्यात ४० अंश तापलं की तिथली हवा सुमारे ५३०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते, आणि काट्यावरचा वेग तोच असला तरी जमिनीवरचा खरा वेग वाढतो. अगत्तीला ३० अंशांत हाच आकडा १८०० फुटांच्या आसपास राहतो.

आता रिकाम्या सीटा. कोची ते अगत्ती सुमारे ४६० किलोमीटर, आणि वाटेत दुसरी धावपट्टी नाही. अगत्तीवर पावसाची सर आली, उतरता आलं नाही, तर कोचीलाच परतायचं. म्हणजे अगत्तीच्या डोक्यावर पोचताना टाकीत परतीचं इंधन हवं, शिवाय अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं राखीव. ढोबळमानाने हे टनभर भरतं. विमान जड झालं की उतरण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की अंतर वाढतं, आणि अंतर तर ८४३ मीटरला बांधलेलं. टनभर वजन सोडायचं झालं तर सामानासकट माणशी ९० किलो धरून अकरा माणसं.

परतीचा टेकऑफ तर त्याहून कडक. ऐन वेगात एक इंजिन गेलं तर उरलेल्या पट्टीत थांबता यावं किंवा दुसऱ्या इंजिनवर उडता यावं, दोन्हींचा हिशेब जुळवावा लागतो. एटीआर ७२ ला पूर्ण वजनात समुद्रसपाटीवरही १३०० मीटरच्या वर लागतात, अगत्तीला १२०४ आहेत. म्हणून तुमच्या मेहुण्यांना तिकीट मिळालं नाही. कंपनीला सीट रिकामी नेण्याची हौस नसते.

आणि कधी चाकं टेकायच्या बेतात असताना विमान गर्रकन पुन्हा वर चढलं, तर घाबरू नका. टेकण्याची ठरलेली जागा मागे पडली, म्हणून पायलटने ते सोडून दिलं. पुढे पूर्ण पॉवर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) एक टप्पा वर, विमान नक्की चढतंय हे पाहून मग चाकं आत. फेरी मारून तो पुन्हा येईल. तेव्हाही जमलं नाही आणि नाक कोचीकडे वळलं, तर त्या अकरा रिकाम्या सीटांच्या जागी आणलेलं इंधन तेव्हा जळत असेल.