आण्णांच्या सात-दहाच्या बातम्या आणि माझे तीन शनिवार

आमचे आण्णा ७६ वर्षांचे, गाव सातारा जिल्ह्यात. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी आकाशवाणी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या चुकल्या की माणूस दिवसभर कावलेला. पण घरात एलईडी बल्ब आले, इन्व्हर्टर आला, आणि मीडियम वेव्हवर ७९२ ला काटा लावला तरी नुसती घूंऽऽऽ. म्हटलं रेडिओ नेटवर ऐकवणारं आकाशवाणीचं न्यूजऑनएअर ॲप टाकून देतो फोनमध्ये, देशभरातली दोनशेच्या वर केंद्रं आहेत, फुकट आहे, दोन मिनिटांचं काम.

तीन शनिवार गेले!

ॲपचा यात काही दोष नाही, तिथपर्यंत पोचलोच नाही ना. आण्णांचा फोन हँग होत होता म्हणून मी आगाऊपणा करून बटणं दाबून रिसेट मारला, तर तो जुन्या अकाउंटचा पासवर्ड मागत बसला. पासवर्ड कुणाला माहीत? ओटीपी जाणार जुन्या नंबरवर, आणि त्या नंबरला कित्येक महिने रिचार्ज नाही म्हणून सिम बंद. नंबर अजून दुसऱ्या कुणाला दिला नव्हता एवढंच नशीब.

पहिल्या शनिवारी तोच नंबर परत चालू करून घ्यायला आण्णांना घेऊन मोबाईल कंपनीच्या गॅलरीत. दीड तास बसवलं. मग मशीनवर अंगठा लावा. उमटेना. दुसरा लावा. तोही नाही. अहो, पन्नास वर्षं उसाला पाणी दिलेत त्या हातांनी, रेषा राहणार कुठून! काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणतो, "आधार अपडेट करून आणा." मी म्हटलं माणूस समोर उभा आहे, फोटो जुळतोय, अजून काय पाहिजे? "सिस्टीम घेत नाही सर." आण्णा शांत, मीच तापलेलो. दुसरा शनिवार आधार केंद्राच्या रांगेत, टोकन ६४, जेवायच्या सुट्टीसकट. तिसऱ्या शनिवारी परत गॅलरीत तेच, उमटेना, तेवढ्यात मागच्या एक मावशी म्हणाल्या, "हात धुवा, थोडं क्रीम चोळा आणि मधलं बोट लावा." लागलं की लगेच!! म्हणजे आधीचे दोन शनिवार कशाला घालवले हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हो, त्यामुळे आधीच सांगतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नंबरचं रिचार्ज संपू देऊ नका, इनकमिंग मेसेज पण बंद होतात.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. जोशात टीव्हीवर प्रसार भारतीचं वेव्हज पण टाकलं, नेटवर दूरदर्शनची चॅनेलं दाखवणारं ॲप, ते २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं होतं तेच. आई सह्याद्री लावते. गच्चीवरचा अँटेना आता कपडे वाळवायला, कारण दूरदर्शनचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर मोजके सोडले तर २०२२ पर्यंत बंदच झाले. ज्यांच्याकडे नेट धड नाही त्यांनी सरळ फ्री डिश बसवावी, महिन्याचं भाडं नाही.

रविवारी सकाळी आण्णांनी रेडिओ आणि फोन दोन्ही लावले. नेटवरचं प्रसारण थोडं मागे असतं, त्यामुळे एकच बातमी दोनदा. "हा पोरगा मागून का बोलतोय?" मी समजावलं. ऐकून घेतलं, आणि घरघरणारा रेडिओ काही बंद केला नाही.

अजून एक राहिलं, फोनमध्ये बॅटरी सेव्हर चालू असेल तर स्क्रीन काळी झाली की कधीकधी आवाजही जातो, तो आधी बंद करा. आमच्याकडे हवामानाच्या अंदाजालाच गेला होता.