तुम्ही विचारलंत म्हणून : रविवारी माती कशाला चिवडता?

"एवढी शिकलीस आणि रविवारी माती चिवडत बसतेस?" असं मावशी पुण्याहून फोनवर विचारते. ऑफिसातले जरा सभ्य शब्दांत विचारतात. मी रविवारी ज्या बागेतल्या चिमुकल्या रेल्वेचे रूळ दुरुस्त करते, तिथे येणारे लोकही थांबतात, माझ्या गुडघ्याखालची गादी आणि हातातला स्क्रूड्रायव्हर बघतात, आणि म्हणतात, खेळण्यातली गाडी आहे ना, मग एवढं काय करावं लागतं? इतक्यांनी विचारलंय की एकदा नीट उत्तर द्यायला हवं.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहते. इथे पोमोनाला लॉस एंजलिस काउंटीची मोठी जत्रा भरते, त्या मैदानावर बागेतली एक रेल्वे आहे. तिची सुरुवात १९२४ सालची. आम्ही नवीन आलो तेव्हा ही जत्रा सप्टेंबरात असायची. भर उन्हात माझी मुलगी इंजिनाकडे बघत उभी होती आणि मी बघत होते एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाकडे. तो ओणवा होऊन, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून, रुळाच्या रेषेतून पलीकडे बघत होता. भुसावळच्या पोरीला ती वाकण्याची रीत ओळखीची नसेल तर कुणाला? रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम रूळ कुठे खाली बसलाय ते असाच वाकून बघतो. माझे आजोबा कीमन होते. हातोडा आणि पाना घेऊन रोज पहाटे आपल्या हद्दीतला लोहमार्ग चालत तपासायचा, सैल झालेलं ठोकायचं, सुटलेलं आवळायचं. त्यांना आम्ही कधी गाडीचं कौतुक करताना ऐकलं नाही. ते रुळांच्या सांध्यांबद्दल बोलायचे.

आता मी घराजवळच्या एका बागेतल्या रेल्वेवर काम करते. आम्ही सातआठ जण आहोत, बहुतेक निवृत्त. रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर. १९६८ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या एलजीबी कंपनीने बागेत चालणाऱ्या अशा गाड्या बाजारात आणल्या आणि मीटरगेज गाड्या साडेबावीस पट लहान केल्या. एक मीटरचे झाले साधारण ४५ मिलिमीटर.

आणि इथेच माझं उत्तर आहे. गाडी साडेबावीस पट लहान करता येते, पाऊस करता येत नाही. ऊन करता येत नाही. आपल्याला जी झुळूक वाटते ती निलगिरीचं एक पान रुळावर टाकते, आणि त्या गाडीसाठी ते वाटेत पडलेलं झाड असतं. इथे हिवाळ्यात पाऊस पडतो, तेव्हा पन्हाळातून आलेली एक धार हातभर भराव वाहून नेते. गोफर नावाचा प्राणी आहे, घुशीसारखा जमीन पोखरणारा. तो रात्री रुळाखालून जातो आणि सकाळी पुलाच्या तोंडाशी खड्डा असतो. उघड्यावर टाकलेला रूळ दोन महिने कुणी बघितला नाही, तर त्यावरून गाडी जात नाही. लहान आहे म्हणून निसर्ग त्याला काही सवलत देत नाही.

उन्हाचा धडा मी स्वतःच्या अंगणात शिकले. पहिल्याच वर्षी, जानेवारीच्या गार सकाळी, बारा मीटर सरळ मार्ग टाकला. पितळी रूळ, चारचार फुटी तुकडे. सांधे मी अगदी घट्ट भिडवले, फट दिसू नये म्हणून. जुलैत एका दुपारी बाहेर आले तर मधला भाग सापासारखा वळला होता आणि स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, खडीतून वर आले होते. पितळ लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं. पस्तीस अंशांच्या फरकाने बारा मीटरला आठ मिलिमीटर वाढतं, आणि त्या आठ मिलिमीटरना जायला मी जागाच ठेवली नव्हती. त्या दिवशी मला आजोबांची उन्हाळ्यातली दुपारची गस्त आठवली. मे महिन्यात, अंगणात पाऊल टाकवत नसे अशा वेळी, ते डोक्याला पंचा गुंडाळून का निघायचे, हे लहानपणी कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आता थंडीत रूळ जोडताना प्रत्येक सांध्यात एटीएम कार्ड धरते आणि मग काढून घेते. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर. चार फुटी तुकड्याला तेवढी फट पुरते.

बाकी कामाचं म्हणाल तर सगळ्यात जास्त वेळ जातो पॅकिंगमध्ये, म्हणजे रुळाखाली खडी ठासण्यात. एखादा सांधा खाली बसलेला असतो, डब्यांनी तिथे मान हलवली की कळतं. आधी ओणवं होऊन रेषेत बघायचं. मग त्या जागेची खडी बोटांनी बाजूला करायची, रूळ अलगद उचलायचा आणि चपट्या लाकडी काडीने स्लीपरखाली खडी ठासायची. एका बाजूने ठासली की दुसऱ्या बाजूने, नाहीतर रूळ कलतो. स्पिरिट लेव्हल आडवी ठेवायची, मग उभी. दोन रुळांच्या उंचीत जरासा पीळ राहिला तरी गाडी नेमकी तिथेच रुळावरून उतरते. शेवटी झारीने पाणी शिंपडायचं म्हणजे बारीक चुरा खाली जाऊन बसतो.

खडी गोल चालत नाही. गोल गोटे एकमेकांवरून घसरतात. फोडलेल्या दगडाचा कोनदार चुराच लागतो, कण एकमेकांत अडकून बसतात. मोठ्या रेल्वेची खडी पन्नास मिलिमीटरच्या आसपासची असते, आमची दोनअडीच मिलिमीटरची, पण अडकण्याची रीत तीच. एका सांध्याला वीस मिनिटं लागतात. घाई केली की पुढच्या रविवारी तोच सांधा पुन्हा.

विजेचंही असतं. आमच्याकडे वीज रुळातूनच इंजिनाला मिळते. सांध्यात काळा थर जमला की लांबच्या वळणावर गाडी मंदावते. सांधा उघडून तारेच्या ब्रशने घासला, क्लॅम्प लावून आवळला, की झालं.

तर मावशी, खेळणं म्हणशील तर गाडीला म्हण, रुळाला नको. मला गाडी चालवायला कुणी बोलावलं तर मी आनंदाने जाते, पण दहा मिनिटांत माझं लक्ष चाकांच्या आवाजाकडे जातं. नीट बांधलेल्या सांध्यावरून चाक एकदाच टक करतं. सैल सांध्यावर आवाज बसका येतो, आणि मी मनात जागा टिपून ठेवते.

गेल्या रविवारी तळ्यालगतच्या वळणावर असा एक बसका आवाज ऐकलाय. गोफर असावा. या रविवारी खडीची एक पिशवी आणि कार्ड घेऊन जाणार आहे. मुलगी येते म्हणालीये. आता चौदाची आहे, ओणवं होऊन रेषेत बघायला माझ्यापेक्षा तिचा डोळा बरा आहे.