आमची वाटचाल : भरगच्च माश्यांपासून दोन वेढ्यांपर्यंत

आम्ही माश्या बांधतो, म्हणजे ट्राउट नावाचे नदीतले मासे पकडायच्या, हुकवर रेशीम आणि पिसं गुंडाळून केलेल्या. सुरुवात मी, धाकटा भाऊ आणि एक जुना वाइस, म्हणजे हुक धरून ठेवणारा शिकंजा, एवढ्यावरच झाली, आणि करायच्या त्या जुन्या धाटणीच्या वेट फ्लायच, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या माश्या, हे आधीच ठरलेलं, कारण ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच चालतं.

पहिली मोठी ऑर्डर ग्रीनवेल्स ग्लोरीची. ही 1854 ची माशी, पाद्री विल्यम ग्रीनवेल ट्वीड नदीवर मासे धरायला जायचे, त्यांच्या सांगण्यावरून स्प्राउस्टनच्या जेम्स राइटनी बांधलेली. पिवळ्या रेशमाला मोच्याचं मेण लावायचं, रेशीम त्यावरून ओढलं की पिवळा रंग बघता बघता ऑलिव्ह होतो, भाऊ अजूनही प्रत्येक धागा उजेडात धरून बघतो. वर सोनेरी तार, मग हॅकल, म्हणजे डोक्याशी गुंडाळलेलं पीस, मग पंख. सगळं नीट केलं, फक्त हॅकल कोंबड्याच्या कडक पिसाचं घेतलं आणि पाच-सहा वेढे दिले, का तर माशी भरलेली दिसावी. अख्खी ऑर्डर परत आली, माश्या बुडतच नाहीत म्हणून.

त्या रात्री काचेच्या ग्लासात एकेक टाकून बघितली, खरंच तरंगत होत्या. कडक पीस ड्राय फ्लायचं, म्हणजे तरंगणाऱ्या माशीचं, इथे कोंबडीचं मऊ पीस पाहिजे, फार तर दोन वेढे. तशी एक बांधून सोडली तर सरळ खाली गेली आणि ग्लास हलवला की तिचे तंतू मिटायचे, उघडायचे. आम्ही दोघं कितीतरी वेळ तेच बघत बसलो.

तेव्हापासून प्रत्येक पॅटर्न आधी स्वतः नदीत टाकून बघतो मगच विकतो. प्रवाहाला आडवी, जराशी खालच्या अंगाला टाकायची, प्रवाहाने लाइनला पोट आलं की मेंड करायचं, म्हणजे लाइन उचलून वरच्या अंगाला ठेवायची, माशी वळसा घेत काठाकडे येते आणि शेवटी लाइन ताणली की वर उठते, पाण्यातून वर निघालेल्या किड्यासारखी, घास बऱ्याचदा तिथेच बसतो. तेव्हा झटका द्यायचा नाही, ताणलेल्या लाइनवर मासा स्वतःच अडकतो.

सध्या पार्ट्रिज अँड ऑरेंजला, म्हणजे नारिंगी रेशीम आणि तित्तिराच्या पिसाच्या वेट फ्लायला, मागणी जास्त आहे. पण 16 नंबरच्या हुकला बसेल एवढं बारीक पीस एका तित्तिराच्या कातड्यावर थोडंच निघतं, त्यामुळे त्या ऑर्डरला आम्ही सरळ जास्त दिवस मागून घेतो.