डिझेलचा काटा इंडिकेटरबरोबर हलायचा : माझा अनुभव

आमच्या जुन्या पिकअपचा डिझेलचा काटा गेल्या द्राक्ष हंगामात बेभरवशाचा झाला. कवठे एकंदजवळ एखादा खड्डा लागला की अर्ध्यावरचा काटा सटकन रिकाम्याकडं जायचा आणि सांगली जवळ आली की पुन्हा वर चढायचा. डिझेल गाडीत ही किरकोळ कटकट नाही. टाकी कोरडी पडली की लाईन हवा धरते. मग कॅनमधून डिझेल ओतूनही गाडी चालू होत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत उन्हात उभं राहायचं. हौद्यात तासगावचा माल असेल तर तेवढ्या वेळात द्राक्षं मऊ पडतात.

गॅरेजवर सरळ सांगितलं, टाकीतला फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगत पातळी सांगणारा भाग, गेलाय, नवीन टाका. मला ते लगेच पटलं नाही. रात्री लाईट लावल्या की काटा थोडा उतरायचा आणि इंडिकेटर दिला की त्याच्याच तालावर हलायचा. फ्लोट खराब असेल तर तो खड्ड्याला हलेल, इंडिकेटरला कशाला? मिरजेच्या एका वयस्कर वायरिंगवाल्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "फ्लोट राहू दे बाजूला. आधी मागची अर्थिंग बघ." अर्थिंग म्हणजे करंट चेसीतून बॅटरीकडं परत जायची जोडणी.

जुन्या गाडीत हे सर्किट अगदी साधं असतं. किल्ली फिरवली की फ्यूजमधून करंट मीटरच्या काट्याला येतो, तिथून एक वायर मागं टाकीवर जाते. टाकीत फ्लोटच्या दांडीला एक पातळ पत्ती असते. ती रेझिस्टन्सच्या, म्हणजे करंटला अडवणाऱ्या, पट्टीवर घासत वरखाली होते, त्यानुसार करंट कमीजास्त होऊन काटा हलतो आणि करंट पुढं अर्थला जातो. आमच्या गाडीत टाकीची आणि मागच्या लाईटींची अर्थ चेसीवर एकाच बोल्टला आहे. तो बोल्ट गंजला की लाईटींच्या करंटला वाट अपुरी पडते, तिथं थोडा व्होल्टेज साठतो आणि काटा तेवढा कमी दाखवतो.

टेंपरेचरचा काटा स्थिर होता, म्हणजे मीटरचा सप्लाय ठीक. मग टाकीवरचा कपलर (वायरींचा जोड) काढून किल्ली चालू केली, काटा रिकाम्यावर. मीटरकडं जाणारी वायर क्षणभर चेसीला टेकवली, काटा चढत फुल्लकडं. मीटर आणि वायर दोन्ही चांगली. काही गाड्यांत काटा याच्या उलट जातो. आणि ही वायर टेकवायची तपासणी फक्त जुन्या काट्याच्या मीटरवर करा, डिजिटल मीटरवर नको, सर्किट जळू शकतं.

बोल्ट उघडला तर वॉशरखाली वाळलेल्या गाळाचा थर. गाडी आम्ही सेकंडहँड घेतलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा ती पहिल्या मालकाच्या दारात पाण्यात उभी होती, हे घेतानाच कळलं होतं. पॉलिश पेपरनं चेसी लख्ख होईपर्यंत घासली, टर्मिनल नवं लावलं, वरून पेट्रोलियम जेली चोपडली. शिवाय टाकीवर फ्लोट ज्या प्लेटला बसतो तिथपासून चेसीपर्यंत एक वेगळी अर्थ वायर ओढली. इंडिकेटरबरोबरचं हलणं तिथंच बंद झालं.

पण पाव टाकीच्या आसपास काटा अजून मधेच पडायचा. आता मात्र फ्लोट बाहेर काढणं भाग होतं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, जवळपास कुणाला विडीही ओढू दिली नाही. टाकीचे पट्टे सैल करून ती खाली घेतली आणि प्लेटभोवतीचा चिखल ब्रशनं आधी झाडला, नाहीतर तो सगळा डिझेलमध्ये पडतो. फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत डिझेल शिरलेलं नव्हतं. मल्टीमीटर ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायला, ठेवून दांडी सावकाश वर नेली. आकडा हळूहळू बदलत जायला हवा. खालच्या भागात तो एका जागी गायबच व्हायचा, म्हणजे पट्टी तिथं तुटलेली. मला वाटतं, आपण रोजच्या भाड्यापुरतं डिझेल टाकतो, टाकी वर्षानुवर्षं खालच्याच भागात राहते आणि पत्ती तेवढीच जागा घासत बसते. ही पट्टी दुरुस्त करून टिकत नाही असं माझं मत झालंय. नवीन फ्लोट आणि खालचं रबर वॉशर एकदमच घेतलं. वॉशर जुनं ठेवलं तर तिथून डिझेल पाझरतं.

बसवल्यावर रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर डिझेल ओतत, काटा स्थिरावू देत, कुठं थांबतो ते कागदावर लिहीत गेलो. नव्या फ्लोटवर काटा रिकाम्याच्या रेघेला टेकतो तेव्हा टाकीत थोडं डिझेल शिल्लक असतं. तो कागद आता ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या झडपेला चिकटवलाय, कारण हंगामात गाडी माझा भाऊही चालवतो.