गॅलरीतला सेन्सर आणि पहाटेची शेकोटी

मंडळी, मागच्या नोंदीत हवेतले धुळीचे-धुराचे कण मोजणारा माझा घरगुती सेन्सर नुसता टेबलावर चालत होता. आता तो कोथरूडला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत अडीच महिने टिकला आहे.

जोडणी तीच: लेझरने कण मोजणारा एसडीएस०११, आकडे वायफायवरून पाठवणारा छोटा बोर्ड नोडएमसीयू आणि आर्द्रतेसाठी बीएमई२८०. घर म्हणून ७५ मिलिमीटरचे दोन पीव्हीसी बेंड एकमेकांत बसवून तोंडं खाली केली. पहिल्याच आठवड्यात आत कोळ्याने जाळं विणलं, तेव्हापासून तोंडांना मच्छरदाणीची जाळी आहे. लेझरचं आयुष्य सुमारे ८००० तास, म्हणजे अखंड चालवला तर वर्षही निघत नाही. म्हणून दर ५ मिनिटांनी त्याला जागं करते, ३० सेकंद पंखा फिरू देते आणि मगच आकडा घेते. पीएम१०चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा मी धरत नाही. जाड धूळ ह्या सेन्सरला नीट ओळखता येत नाही.

डिसेंबर, दुसरा आठवडा. रोज पहाटे पीएम२.५चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, आलेख उभा चढू लागला. मला वाटलं, धुकं. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की हा सेन्सर भरवशाचा राहत नाही. कण पाणी शोषून फुगतात, लेझरचा प्रकाश जास्त विखुरतो आणि आकडा फुगतो. तो आठवडा मी वहीत 'बाद' असा शेरा मारून सोडून दिला. ही माझी चूक होती.

दोन आलेख एकाखाली एक ठेवल्यावर ती कळली. आर्द्रता रात्री २ वाजल्यापासून जवळजवळ सपाट होती. पीएम२.५ मात्र साडेपाचच्या सुमारास दहा मिनिटांत तिपटीवर जायचा आणि साडेसहाला उतरायचा. धुकं असं घड्याळ लावून येत नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला खाली उतरले. फाटकाशी रखवालदारकाकांची शेकोटी पेटलेली होती, त्यात बदामाची वाळकी पानं आणि पार्सलांचे खोके, चिकटपट्टीसकट. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धुराला वर जायला वाट मिळत नाही. एवढ्याशा शेकोटीचा धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत येऊन तिथेच रेंगाळत होता. सर्वांत जवळून तो काकाच घेत होते.

"ताई, पहाटे बोटं आखडतात. शेकोटी नाही केली तर बसायचं कसं?" काका म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जानेवारी. सोसायटीच्या बैठकीत आलेख दाखवला. आपल्याकडे पीएम२.५चं २४ तासांच्या सरासरीचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१चं १५. आमचा तासाभराचा चढ ह्या सरासरीशी थेट ताडून पाहता येत नाही, हेही तिथेच सांगितलं. आकडा ताणून सांगितला की पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही. एकाने दंडाची पाटी लावायला सुचवलं. उघड्यावर कचरा जाळल्यास ५००० रुपये दंड, हा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६चा आदेश आहेच. मी ठाम विरोध केला. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाकडून दंड घेऊन हवा स्वच्छ करायची असेल, तर मला तो सेन्सरच नको. शेवटी वर्गणी निघाली: चौकीला दार, आत छोटा हीटर, दोन्ही पाळ्यांच्या काकांना जाड जाकीट आणि कानटोपी.

दार बसलं त्या रात्रीनंतर साडेपाचचा चढ गेला. सलग नऊ पहाटा आलेख पाहिला तेव्हा कुठे विश्वास बसला.

फेब्रुवारी. पिंपळ आणि वर्षावृक्षाची पानगळ सुरू झाली. शेकोटी थांबली तरी पानांचे ढीग कोणीतरी पेटवणारच, म्हणून त्यांचं खत करायला मागच्या कुंपणापाशी तारेच्या जाळीचा चार फुटी गोल उभा केला. त्यात पानं, मधे मधे शेणकाला आणि पाणी. झाडणाऱ्या मावशींनी बरोबर सांगितलं, की कोरडी पानं नुसती टाकली तर वर्षभर तशीच राहतील. ओल टिकली पाहिजे आणि पायाने दाबली पाहिजेत. त्यांच्या सांगण्यावरून गोल फाटकाजवळ हलवला, कारण मागच्या कुंपणापर्यंत गोणी ओढत न्यायला त्यांना त्रास होत होता. गोल काठोकाठ भरला की आठवड्यात पानं हातभर खाली बसतात.

आता रात्री साडेनऊला एक बुटका चढ दिसतो आहे. वारा नाल्याच्या बाजूने असतो तेव्हाच येतो. दुसरा सेन्सर त्या बाजूच्या इमारतीच्या गच्चीवर लावायची परवानगी मिळाली आहे, पण तिथे वायफाय पोचत नाही. गच्चीवर मेमरी कार्डात नोंद ठेवणारी जोडणी कोणी केली असेल, तर वीज आणि घड्याळाचं गणित कसं बसवलंत ते जरूर लिहा.