तो ‘चर्र’ आवाज

गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असते, मुळाची. तुटलेल्या केसाला ती नसते. केस गळतात म्हणून कुणी रडत आली की मी आधी कंगव्यातले चार केस घेऊन यायला सांगते ते याचसाठी. जूनमध्ये, चातुर्मास लागायच्या आत जी शेवटची लग्नं उरकतात त्यातली एक नवरी आली, तिने न सांगताच आणले होते. कागदाच्या पुडीत बांधून. बोटभर लांबीचे मूठभर केस, आणि एकालाही गाठ नाही.

लग्न तीन दिवसांवर. सोबत आई आणि मावशी. गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या पार्लरमध्ये नवरी कधी एकटी येत नाही, आणि सोबतच्या प्रत्येकीकडे आपापलं निदान तयार असतं. आईचं म्हणणं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. घरी विहीर होती तेव्हा असं काही नव्हतं. मावशी म्हणाली, “नजर लागली गो, दुसरं काय असणार? साखरपुड्यात किती जणींनी केसांवरून हात फिरवला.” नवरीने तोवर रक्त तपासून घेतलं होतं. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन ठीक. आणि एका मोठ्या पार्लरने तिला केराटिन ट्रीटमेंटचं पॅकेज सांगितलं होतं, अर्धे पैसेही आगाऊ घेतले होते.

इथे माझं डोकं फिरलं, ते का, तेही सांगते. केराटिन करताना केसांना क्रीम लावतात, वाळवतात आणि ते बसावं म्हणून वर 200 अंशांच्या पुढे तापलेलं केस सरळ करायचं मशीन, दोन गरम पट्ट्यांचा चिमटा, फिरवतात, एकेका बटेवर बऱ्याचदा. म्हणजे केस कशाने मोडताहेत हे न बघताच त्यांच्यावर आणखी उष्णता. केस तपासायला दोन मिनिटं लागतात. पण तपासणीचं बिल होत नाही, पॅकेजचं होतं.

तिला खिडकीशी बसवलं. पाऊस होता, तरी खिडकीचा उजेड ट्यूबलाइटपेक्षा खरा. मागचे केस कमरेपर्यंत, जाड, चकचकीत. मानेजवळची बट हातात घेतली तर रेशमासारखी सुळकन निसटली. पुढे मात्र, भांगाच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या वर सगळं उभं राहिलेलं. कुठे दोन इंच, कुठे तीन. एक केस नखांच्या चिमटीत धरून खाली ओढला. तर मध्ये मध्ये बारीक खडा लागावा तसं अडत होतं. आमच्याकडे टाळू दाखवायचा छोटा कॅमेरा आहे, फोनला लागतो. तो धरला, तर केसाच्या आत ठिकठिकाणी पांढरट फुगीर ठिपके.

आईला म्हटलं, “वहिनी, पाणी सगळ्या डोक्यावरून जातं. थायरॉइडही पुढचे-मागचे केस निवडत बसत नाही. हे कुणीतरी हाताने केलेलं आहे.”

नवरीला राग आला. ती औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासायचं काम करते, वेर्ण्याला, आणि काहीही करायच्या आधी चार ठिकाणी वाचणारी आहे. “मी सगळं नीट करते ताई. मशीन 160 वर ठेवते, वर नेत नाही. हीट प्रोटेक्टंटचा, उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे मारल्याशिवाय एकदासुद्धा केलं नाही. बहीण बघा, काही न लावता 200 वर करते, तिला काही होत नाही!”

हेच मला खटकलं. निष्काळजी मुलीचे केस जळालेले मी रोज बघते, त्यात कोडं काही नसतं. ही तर काळजी घेणारी. म्हटलं, उद्या घरचं मशीन, स्प्रे, कंगवा सगळं घेऊन ये आणि माझ्यासमोर कर.

दुसऱ्या दिवशी तिने आरशासमोर सगळं मांडलं. मशीन चांगलं होतं, आकडा दाखवणारं. (नुसता लाल दिवा लागणारी जी स्वस्त मशीनं मिळतात, ती किती तापली आहेत हे देवाला ठाऊक. तसलं असेल तर मी बोलणंच थांबवते.) केस आदल्या संध्याकाळी धुतलेले. तिने पुढची बट घेतली, कंगवा फिरवला, स्प्रे मारला. चांगला तीन-चार वेळा, बट चमकेपर्यंत. आणि लगेच मशीन लावलं.

चर्र.

पांढरी वाफ वर गेली. मी “थांब” म्हणाले तोवर मशीन टोकापर्यंत पोचलं होतं. तिने आरशातूनच माझ्याकडे बघितलं. “हा स्प्रेचाच आवाज ना? तो काम करतोय म्हणून येतो. पार्लरमध्ये पण असाच येतो की.”

तो आवाज पाण्याचा असतो. बाटलीवरचं पहिलंच नाव पाणी होतं, मग सिलिकोन, मग बाकीचं. केसाच्या आत शिरलेलं पाणी गरम पट्ट्यांमध्ये दाबलं गेलं की त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. आतल्या आत वाफ होते आणि केस आतून फुगतो, पापड भाजताना फोड येतात तसा. त्वचारोगतज्ज्ञांच्या पुस्तकात याला ‘बबल हेअर’ म्हणतात. ओल्या केसांवर कर्लिंगचा चिमटा 125 अंशांवरही असे बुडबुडे पाडतो. त्यामुळे 160 वर ठेवून ती निर्धास्त होती त्याला काही अर्थच नव्हता. कोरडा केस जी उष्णता बरीच सोसतो, ती ओला केस सोसत नाही. केसातलं केराटिन, म्हणजे केस ज्याचा बनतो ते प्रथिन, कोरडं असताना साधारण 230 अंशांच्या आसपास मोडायला लागतं, ओलं असताना 150 च्या आसपासच.

बहिणीचंही उत्तर त्यातच होतं. ती दुपारी, पंख्याखाली केस पूर्ण कोरडे करून, महिन्यातून एखाद-दोनदा आणि एकाच फिरवणीत करते. 200 अंश बरोबर आहेत असं नाही, तिचीही टोकं दुतोंडी झालेली मी पाहिली आहेत. पण तिचे केस मधून मोडत नाहीत.

मागचे केस का वाचले? तिथे तिचा हात पोचत नाही. स्प्रे पुढेच पडायचा, आरशात दिसतो तिथे. जिथे काळजी जास्त घेतली तिथेच वाट लागली.

मी तिच्यावर वैतागले, मग बाटली हातात घेतली आणि बाटलीवर वैतागले. पुढच्या बाजूला ठळक अक्षरात 230 अंशांपर्यंत संरक्षण. मागे, चष्मा लावूनही धड दिसू नये एवढ्या अक्षरात, ओल्या केसांवर मारा आणि पूर्ण वाळवा. ही मुलगी गोळ्यांच्या पाकिटावरचा प्रत्येक शब्द वाचायचे पैसे घेते, तिच्याही नजरेतून ते निसटलं. आणि संरक्षण म्हणजे तरी काय, तर सिलिकोनचा आणि पॉलिमरचा पातळ थर. उष्णता आत हळू आणि सारखी शिरावी एवढंच त्याचं काम. तो थर उष्णता अडवत नाही.

पण घरी गेल्यावर डोक्यात राहिलं ते तिचं दुसरं वाक्य. पार्लरमध्ये पण असाच येतो की. खोटं नाही. लग्नसराईत एकेका सकाळी नवरी, करवल्या, काकू, सगळ्यांना नऊच्या आत मोकळं करायचं असतं. मग ब्लो ड्राय अर्ध्यावर सोडायचा आणि राहिलेलं पाणी मशीनने ‘मारायचं’, हे माझ्या धंद्यात सर्रास चालतं. गिऱ्हाईक आरशात वाफ बघतं, केस सरळ झालेले बघतं आणि घरी जाऊन तेच करतं. तिथे मात्र ते आठवड्यातून चार वेळा होतं. व्हिडिओंना शिव्या देणं सोपं आहे. हा आवाज तिने आमच्या खुर्चीत बसून शिकलेला आहे.

आमच्या हवेचंही त्यात आहे. पूर्ण दमट हवेत केस आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत पाणी धरू शकतो. गोव्यात जूनमध्ये आदल्या दिवशी धुतलेला केस हाताला कोरडा लागतो, पण कोरडा असतोच असं नाही. बोटांना कळत नाही, गालाला कळतं. बट गालाला लावायची, गार लागली तर अजून पाणी आहे. हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नाही. म्हापशाला ज्या बाईंकडे मी उमेदवारी केली त्या प्रत्येक बट अशी बघायच्या आणि आम्ही मुली मागे हसायचो.

त्या दिवशी तिला बसवून मागच्या केसांवर नीट करून दाखवलं. धुतल्यावर टॉवेलने चोळायचं नाही, जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपायचं. रुंद दातांचा कंगवा टोकाकडून वर. स्प्रे आता, ओलसर असताना, आणि कंगव्याने सगळीकडे पसरवायचा. मग ड्रायर, वीतभर लांब, वाऱ्याचं तोंड खाली, हात सतत हलता. शेवटी गार हवा. केसाचा आकार धरून ठेवणारे काही दुवे पाण्याने आणि उष्णतेने सुटतात आणि कोरडं, गार होताना पुन्हा जुळतात. त्यामुळे गार होईपर्यंत बट सरळ धरणं हे अर्धं काम. अनेकींना एवढ्यावरच पुरतं, मशीन लागतच नाही. लागलंच तर बट पट्टीपेक्षा अरुंद आणि इतकी पातळ की पलीकडचा कंगवा दिसावा. पुढे टेल कोंब, म्हणजे लांब निमुळत्या दांड्याचा कंगवा, मागून मशीन, न थांबता, एकदाच. ती 160 वर सहा-सात वेळा फिरवायची. त्यापेक्षा एकदाच नीट फिरवलेलं बरं. बारीक केसांना 150 च्या आत, जाड असतील तर 180.

मध्येच मावशीने विचारलं, मशीनआधी खोबरेल लावलं तर? आमच्याकडे हे कुणीतरी विचारतंच. खोबरेल धुण्याआधी लावावं. ते केसात मुरतं आणि धुताना प्रथिनं कमी जातात, एवढा त्याचा खरा गुण. घाण्याचं तेल 175 च्या आसपास धुरायला लागतं. ते लावून मशीन फिरवलं तर वास पाटो-पणजीपर्यंत जाईल.

आता प्रश्न लग्नाचा. सकाळी कवळ्याला देवळाच्या सभागृहात लग्न, तिथे खोपा आणि अबोलीची फाती, म्हणजे गजरा, ते सोपं. संध्याकाळच्या रिसेप्शनला मात्र तिला केस मोकळे आणि सरळ हवे होते. आईने हात जोडले, “एक दिवस करा ओ, मग कधी हात लावणार नाही.” मी म्हटलं, पुढच्या केसांवर मशीन नाही. एकदाही नाही. मावशीला वाटलं मी भाव खाते आहे.

आदल्या रात्री घरी गेले. केस धुऊन, सेटिंग लोशन लावून मोठ्या रोलरवर ताणून गुंडाळले आणि ड्रायर मंद ठेवून वाळवले. त्यात दोन वेळा वीज गेली, मग हातपंख्याने. गालाला लावून बघितलं, मग रोलर काढले. मग सगळे केस डोक्याभोवती एकाच दिशेला, चापून, टाळूला लागून गुंडाळले, चपट्या पिना लावल्या आणि वर आईच्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा घट्ट बांधला. उशीवर केस घासू नयेत म्हणून रेशीम. सकाळी तेच खोप्यात गेले. पण सैल खोपा, आत पीळ नाही, नाहीतर संध्याकाळी सोडल्यावर लाटा पडतात.

रिसेप्शनला खोपा सोडला, पॅडल ब्रश फिरवला. केस सरळ पडले. इस्त्रीसारखे काटेकोर नाहीत, खाली किंचित वळलेले, भरदार. पुढच्या तुटक्या केसांना टूथब्रशवर हेअरस्प्रे मारून बसवलं आणि दोन्ही बाजूंनी बारीक वेणी मागे नेली. हॉलला एसी नव्हता. नऊ वाजेपर्यंत बऱ्यापैकी टिकलं, नंतर कानाजवळचे केस उठले. फोटोग्राफरने मला हाक मारली, “जरा मशीन फिरवा ना!” त्याला काय सांगणार? सगळ्यांनाच पट्टीने आखल्यासारखे केस हवे झालेत.

पुढचं खरं ऐकवायचं होतं ते मी तिला आधीच ऐकवलं होतं. फुटलेला केस सांधत नाही. मास्क, सिरम, प्रोटीन, सगळं वरवरचं लेपन. धुतलं की गेलं. नवा केस महिन्याला सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर येईल, त्याला मोडू द्यायचं नाही, एवढंच हातात आहे. पॅकेजचे आगाऊ पैसे त्या पार्लरने परत दिले नाहीत. वर तिला सांगितलं म्हणे, आता केस गेले तर आम्हाला विचारू नका.

ती आता पुण्याला सासरी असते. दिवाळीला माहेरी येईल तेव्हा ट्रिमिंग. तोवर पुढचे केस पाच-सहा सेंटिमीटर वाढलेले असतील, भांग बदलून झाकता येतील. परवा मेसेज आला. नणंदेनेही तोच स्प्रे मागवलाय, तिला काय सांगू? मी लिहिलं, ओल्या केसांवर मारून पूर्ण वाळवायला सांग. नंतर वरून मारलाच, तर दहा मिनिटं मशीनला हात लावायचा नाही. पुण्यात दहा. गोव्याला आली तर पंखा लावून वीस, आणि तरी गालाला लावून बघायचं.